मी वेलिंग्टनचे चित्र बोलत आहे



असे दचकून इकडे तिकडे बघू नका. मी इथेच आहे. भित्तिपत्रकाच्या मधोमध, खळीने चिकटवलेला तो लाल कोटातला माणूस दिसतो ना? पण बोलतो आहे तो माणूस नव्हे हं, बोलते आहे ते त्याचे चित्र. तो माणूस जाऊन पावणेदोनशे वर्षांच्या आसपास झाली. मी मात्र अजून आहे.

खरे म्हणजे इथे लावलेली ही माझी छापील प्रत. मी स्वतः लंडनच्या नॅशनल गॅलरीत भिंतीवर असते. कापडावर नाही, महोगनी लाकडाच्या फळीवर मला तेलरंगात रंगवले आहे. उंची दोन फुटांहून थोडी जास्त, रुंदी पावणेदोन फूट. म्हणजे तुमच्या वर्गातल्या फळ्याच्या एका कोपऱ्यात मी सहज मावेन. पण माझी गोष्ट काही एवढ्याशा जागेत मावायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा इंग्रज साहेब आमच्या शाळेत कशाला? आमच्या भिंतीवर शिवाजी महाराज आहेत, सावित्रीबाई आहेत, साने गुरुजी आहेत. हा कोण लागून गेला? बरोबर आहे तुमचे. पण या माणसाचे आणि आपल्या जालना जिल्ह्याचे एक जुने नाते आहे. ते गोड नाते नाही. तरी ते तुम्हाला ठाऊक असायला हवे. म्हणून ऐका.

या माणसाचे नाव आर्थर. पुढे जग त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणू लागले. त्याचा जन्म १७६९ साली आयर्लंडमध्ये डब्लिन शहरात झाला. घर सरदाराचे होते, पण पैशाची ओढाताण होती. वडील संगीताचे मोठे जाणकार. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते संगीताचे प्राध्यापक होते. आर्थर बारा वर्षांचा असताना ते वारले. थोरला भाऊ रिचर्ड फार हुशार होता. आर्थर मात्र अभ्यासात मागे. ईटन नावाच्या मोठ्या शाळेत त्याला घातले, तिथेही त्याचे काही चमकले नाही. एकलकोंडा, लाजाळू पोरगा. या पोराचे पुढे कसे व्हायचे, अशी आईला काळजी. त्याला एकच गोष्ट छान यायची, ती म्हणजे व्हायोलिन वाजवणे.

आईने त्याला फ्रान्समधल्या एका शाळेत पाठवले. तिथे तो घोड्यावर बसायला आणि फ्रेंच बोलायला शिकला. गंमत बघा, पुढे ज्या फ्रेंचांशी तो आयुष्यभर लढला, त्यांच्याच देशात तो घोडेस्वारी शिकला! १७८७ साली, अठराव्या वर्षी, तो सैन्यात भरती झाला. पुढे किटी नावाच्या मुलीला त्याने मागणी घातली, तेव्हा तिच्या घरच्यांनी नकार दिला. या साध्या पगाराच्या शिपाईगड्याला मुलगी कोण देणार? आर्थरने मग काय केले ठाऊक आहे? आपले लाडके व्हायोलिन जाळून टाकले आणि मन लावून सैन्याच्या कामाला लागला. किटीशी त्याचे लग्न झाले ते पुष्कळ वर्षांनी, १८०६ साली, तो नाव कमावून परत गेल्यावर.

मधली वर्षे तो कुठे होता? आपल्याच देशात. १७९७ च्या फेब्रुवारीत तो जहाजाने कलकत्त्याला उतरला. पुढच्या वर्षी त्याचा भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. मोठा भाऊ सगळ्यात वरच्या खुर्चीवर, मग धाकट्याचे काय विचारता! पण नुसत्या वशिल्याने तो पुढे गेला असे म्हणणेही खरे होणार नाही. कामाला तो वाघ होता. दाणागोटा किती लागेल, बैल किती लागतील, वाटेत पाणी कुठे आहे, याचा हिशेब तो स्वतः करायचा. उपाशी सैन्य लढत नाही, हे त्याने फार लवकर ओळखले होते.

१७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले. टिपू सुलतान लढता लढता मारला गेला. त्या शहराचा कारभार आर्थरकडे आला. त्यानंतर १८०० साली त्याने धोंडजी वाघाचा पाठलाग केला. धोंडजी लढाईत पडला आणि त्याचा लहानगा मुलगा सामानात सापडला. चार वर्षांचे पोर ते. आर्थरने त्याला आपल्या तंबूत आणले, सांभाळले, आणि हिंदुस्थान सोडून जाताना त्याच्या खर्चासाठी पैसे ठेवले. बापाला मारणारा आणि मुलाला सांभाळणारा माणूस एकच. मुलांनो, माणसे अशी असतात. एका रंगात रंगवता येत नाहीत. हे मी चित्र असून सांगते.

आता आपल्या भागाकडे येऊ. १८०२ साली पुण्याला यशवंतराव होळकरांनी दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला. पेशवा पळाला तो थेट इंग्रजांच्या आश्रयाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला आणि पेशव्याने इंग्रजांची फौज आपल्या गळ्यात बांधून घेतली. घरात भाऊ भाऊ भांडतात तेव्हा शेजाऱ्याचे फावते, अगदी तसे झाले. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर झपाट्याने मजल मारत पुण्यात शिरला. मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसला. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना हे मान्य होणे शक्यच नव्हते. लढाई पेटली. ऑगस्टमध्ये आर्थरने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि गोदावरी ओलांडून तो वर सरकला.

मग उजाडला २३ सप्टेंबर १८०३ चा दिवस. जागा आपल्या जिल्ह्यातली असई. केळणा आणि जुई या दोन नद्या जिथे जवळ येतात, त्या दुबेळक्यात शिंदे-भोसल्यांची फौज उतरली होती. ती आर्थरच्या फौजेच्या कितीतरी पट मोठी. शिवाय शंभराच्या आसपास तोफा आणि कवायत शिकलेले पायदळ. आर्थरजवळ सुमारे सात हजार माणसे. त्याची दुसरी फौज अजून येऊन मिळायची होती. थांबावे की लढावे? त्याने लढायचे ठरवले.

पण नदी ओलांडायची कुठून? वाटाड्यांनी सांगितले, की पुढे उतार नाही. आर्थरने दुर्बिणीतून बघितले. नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावे अगदी समोरासमोर दिसली. तो मनाशी म्हणाला असेल, की दोन गावे अशी समोरासमोर वसतात ती काय एकमेकांकडे नुसती बघत बसायला? माणसे, गुरे जा-ये करत असणारच, म्हणजे इथे पायउतार असलाच पाहिजे. आणि उतार निघाला! तुमच्यातली जी पोरे रोज ओढा ओलांडून शाळेत येतात, त्यांना हे लगेच समजेल. वाटाड्याला सांगता आले नाही ते त्याने नीट बघून ओळखले.

पुढची लढाई फार भयंकर झाली. शिंद्यांच्या तोफांनी आर्थरच्या रांगा कापून काढल्या. त्याचा एक घोडा गोळी लागून मेला, दुसऱ्याला भाला लागला. आणि शिंद्यांचे गोलंदाज! पुढून संगिनी आल्या तरी त्यांनी तोफा सोडल्या नाहीत. तोफेला धरूनच ते पडले. काही जण मेल्याचे सोंग करून पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून पाठीमागून त्यांनी पुन्हा तोफा डागल्या. संध्याकाळपर्यंत लढाई संपली. आर्थर जिंकला. ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. त्याच्याकडचे सुमारे सोळाशे जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. मराठ्यांचे ठार आणि जखमी मिळून सहा हजारांपर्यंत असावेत असा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आर्थरच्या फौजेत गोऱ्यांपेक्षा आपल्याकडचे शिपाई जास्त होते. मद्रासकडचे शेतकऱ्यांचे पोर इकडून आणि मराठी मुलखातले, उत्तरेकडचे पोर तिकडून. असईच्या काळ्या मातीत दोन्ही बाजूंनी सांडले ते बहुतेक आपलेच रक्त. त्या रात्री आर्थर गुडघ्यात डोके घालून बसून राहिला होता असे सांगतात. म्हातारपणीसुद्धा त्याला आपल्या साऱ्या लढायांत असईच मोठी वाटे, वॉटर्लूपेक्षाही मोठी.

त्यानंतर नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. मग देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले आणि शिंदे-भोसल्यांचा मोठा मुलूख गेला. १८०५ साली आर्थर इंग्लंडला परतला. वाटेत जहाज सेंट हेलेना बेटावर थांबले. दहा वर्षांनी याच बेटावर नेपोलियनला कैदेत ठेवले जाईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

आता माझ्या जन्माची वेळ आली.

१८०८ पासून आर्थर स्पेन आणि पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या सैन्याशी लढत होता. २२ जुलै १८१२ रोजी सालामांका इथे त्याने फ्रेंचांना जबर मार दिला आणि १२ ऑगस्टला तो माद्रिद शहरात शिरला. लोकांनी जल्लोष केला. त्याच शहरात एक म्हातारा चित्रकार राहत होता. नाव फ्रान्सिस्को गोया. वय ६६. आजारपणामुळे वीस वर्षांपूर्वीच त्याचे कान पूर्ण गेले होते. बाहेर रस्त्यावर चाललेला जयजयकार त्याला ऐकू येत नव्हता. त्याला फक्त दिसत होते.

म्हणूनच की काय, त्याने जे पाहिले तेच रंगवले. माझ्याकडे नीट बघा बरं. लाल कोट आहे, छातीवर पदके आहेत, रुंद पट्टे आहेत. पुढे नवे मानसन्मान मिळाले तसे गोयाने ते माझ्यावर नंतर रंगवलेसुद्धा. पण कोटावरून नजर वर न्या. मागे नुसता काळोख. डोक्यावर टोपी नाही. ओठ किंचित उघडे. आणि डोळे? मोठे, टक्क उघडे, न झोपलेल्या माणसाचे. हा जिंकून आलेला माणूस आहे, पण चेहऱ्यावर आनंद कुठे आहे? गावाकडे घरात कोणी आजारी असले, की रात्रभर जागलेल्या बापाचे डोळे सकाळी असे दिसतात. सहा आठवड्यांत त्याने लढाई, ऊन, धूळ आणि मरण पाहिले होते, ते सगळे गोयाने त्या डोळ्यांत ठेवले.

याच गोयाने त्या काळात लढाईची आणखीही चित्रे काढली. त्यांत सेनापती नाहीत. गोळ्या खाणारे साधे लोक आहेत, उपाशी बायामाणसे आहेत, अनाथ पोरे आहेत. ती चित्रे त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत. गोया १८२८ साली वारला आणि ती १८६३ साली बाहेर आली. सेनापतीचे चित्र लगेच मिरवले गेले, गरिबांच्या चित्रांना पस्तीस वर्षे थांबावे लागले.

आर्थरची पुढची हकीगत तुम्ही ऐकली असेल. १८१४ साली तो ड्यूक झाला. १८ जून १८१५ रोजी बेल्जियममधल्या वॉटर्लूला त्याने आणि प्रशियाच्या ब्लूखर या सेनापतीने मिळून नेपोलियनचा शेवटचा पराभव केला. दुसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टरने त्याला मेलेल्यांची नावे वाचून दाखवली. ती ऐकताना त्याच्या धुळीने माखलेल्या गालांवरून पाणी ओघळले. पुन्हा तो कधी लढाईवर गेला नाही.

मग तो राजकारणात पडला. १८२८ साली तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. तेव्हा कॅथॉलिक धर्माच्या लोकांना तिथल्या पार्लमेंटात बसता येत नसे. वेलिंग्टनचाही आधी त्यांना विरोधच होता. पण हक्क दिला नाही तर आयर्लंडमध्ये यादवी माजेल, हे त्याला दिसले आणि १८२९ साली स्वतःच्याच पक्षाचा राग पत्करून त्याने तो कायदा केला. यावरून एका सरदाराने त्याच्यावर गलिच्छ आरोप केला, तेव्हा पंतप्रधान असून तो पिस्तूल घेऊन द्वंद्वाला उभा राहिला. दोघांनीही नेम चुकवून गोळ्या झाडल्या म्हणून बरे!

पण सामान्य माणसाला मत द्यायची वेळ आली, तेव्हा हाच माणूस आडवा आला. जास्त लोकांना मताचा हक्क द्यायला त्याने कडाडून विरोध केला. त्याचे सरकार पडले. १८३१ साली चिडलेल्या लोकांनी त्याच्या लंडनच्या घराच्या काचा दगडांनी फोडल्या. त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवून घेतल्या. ज्या लोकांनी वॉटर्लूनंतर त्याला डोक्यावर घेतले, त्यांनीच दगड मारले. लढाईत नदीचा उतार ओळखणाऱ्या माणसाला लोकांच्या मनाचा उतार काही ओळखता आला नाही.

१४ सप्टेंबर १८५२ रोजी तो वारला. लंडनला मोठ्या इतमामाने त्याची अंत्ययात्रा निघाली आणि सेंट पॉल्सच्या मोठ्या चर्चमध्ये त्याला पुरले.

माणूस संपला, पण माझी गोष्ट अजून राहिली आहे! मी बरीच वर्षे ड्यूक ऑफ लीड्स यांच्या घराण्यात होते. १९६१ साली माझा लिलाव झाला. एका अमेरिकन श्रीमंताने माझ्यावर १,४०,००० पौंडांची बोली लावली. मी देशाबाहेर जाणार म्हणून इंग्लंडमध्ये आरडाओरडा झाला. मग एका धर्मादाय संस्थेने एक लाख आणि सरकारने चाळीस हजार पौंड घालून मला ठेवून घेतले. २ ऑगस्टला मला नॅशनल गॅलरीत लावले आणि २१ ऑगस्टला मी चोरीला गेले! चोर आला होता कुठून, सांगू का? संडासाच्या खिडकीतून! मोठमोठ्या फौजांना जो माणूस हाती लागला नाही, त्याचे चित्र एका शिडीने पळवले.

मग पत्रे येऊ लागली. चोराला स्वतःसाठी पैसे नको होते. इंग्लंडमध्ये घरी टेलिव्हिजन बघायला दरवर्षी लायसन काढावे लागते. आपल्याकडेही पूर्वी रेडिओचे लायसन असे, आजोबांना विचारा. पेन्शनीवर जगणाऱ्या गरीब म्हाताऱ्यांना ते परवडत नाही, तेव्हा माझ्या किमतीएवढे पैसे त्यांच्यासाठी द्या, असे मागणे होते. सरकारने ते ऐकले नाही. चार वर्षे मी अंधारात पडून होते. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या रेल्वे स्टेशनात सामान ठेवण्याच्या खोलीत मी सापडले. थोड्याच दिवसांनी न्यूकॅसलचा एक निवृत्त बस ड्रायव्हर स्वतःहून पोलिसांपुढे हजर झाला. चित्र परत केले, म्हणजे ते कायमचे घ्यायचे नव्हतेच, असे धरून पंचांनी त्याला चित्राच्या चोरीतून सोडले. पण माझी चौकट काही सापडली नाही, तेवढ्या चौकटीसाठी त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली! असे पुन्हा होऊ नये म्हणून १९६८ साली कायदाच बदलला. आणि मला उचलले ते त्याने नव्हे, त्याच्या मुलाने, हे तर २०१२ साली सरकारी कागद उघडे झाले तेव्हा जगाला कळले. बाप मुलासाठी तुरुंगात गेला होता.

आता सांगा, माझ्या या गोष्टीत मोठा कोण? लढाया जिंकणारा साहेब? तोफेला धरून पडलेला गोलंदाज? ऐकू येत नसून सगळे ओळखणारा चित्रकार? की गरीब म्हाताऱ्यांसाठी धडपडणारा, मुलाचा गुन्हा अंगावर घेणारा ड्रायव्हर? चोरी ती चोरीच, ती करू नका बरं का! पण विचार जरूर करा.

मला स्वतःला एका गोष्टीची टोचणी लागून राहिली आहे. माझ्या छातीवरच्या एकेका पदकाचे नाव पुस्तकात छापलेले आहे. साहेबाच्या घोड्याचेसुद्धा नाव लोकांना ठाऊक आहे, डायोमेड. पण असईच्या त्या तोफांजवळ पडलेल्या गोलंदाजांची नावे? त्यांना कोणी रंगवले नाही. त्यांच्यासाठी कोणी लिलावात बोली लावली नाही.

म्हणून पालकांना हात जोडून एक विनंती. घरी म्हाताऱ्या माणसांना विचारा. नांगरताना कोणाच्या शेतात जुना गोळा सापडला होता का, कोणाच्या घराण्यात लढाईची काही आठवण सांगतात का, शेताला, बांधाला, ओढ्याला तेव्हापासूनचे काही नाव आहे का. मिळाले तर कागदावर लिहून मुलांच्या हाती शाळेत पाठवा. पुढच्या महिन्यात गुरुजी मला इथून काढतील. तेव्हा माझ्या जागी त्यांची हकीगत लागू द्या. मी आनंदाने जागा सोडीन.

घंटा झाली वाटते. जा, रांगेत उभे राहा. आणि जाता जाता एकदा माझ्या डोळ्यांकडे बघून जा.